सीपीआर मस्त चाललाय असं वाटतंय? मग या चुका टाळा

कोड ब्लू (हॉस्पिटलात पेशंटचं हृदय थांबल्यावरची इमर्जन्सी) संपला की टीममधल्या कुणालाही विचारा, सीपीआरमधली कम्प्रेशन्स (हाताने छाती दाबणं) कशी झाली, उत्तर ठरलेलं, "एकदम नीट दिली." आणि बोलणारे सिस्टर, ब्रदर, रेसिडेंट खोटं बोलत नसतात, त्यांना मनापासून तसंच वाटत असतं, खरी अडचण तीच आहे. 2005 साली 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात शिकागो युनिव्हर्सिटीच्या हॉस्पिटलातला अभ्यास आला, प्रत्यक्ष पेशंटवर सेन्सर लावून सीपीआर मोजला होता. साधारण 37 टक्के कम्प्रेशन्समध्ये छाती पुरेशी दबलीच नव्हती, आणि 30-30 सेकंदांचे तुकडे पाडले तर जवळपास 61 टक्के तुकड्यांत पेशंटला दिलेले श्वास मिनिटाला 20 च्या वर. आणि हे रोज हेच काम करणारे, ट्रेनिंग झालेले लोक होते!

पहिली आणि सगळ्यात मोठी चूक म्हणजे "मी दमलो नाही, अजून देतो". छाती किती खोल दबते ती खोली पहिल्या-दुसऱ्या मिनिटातच घसरायला लागते आणि दमल्याची जाणीव त्यानंतर बऱ्याच वेळाने होते, म्हणजे हात तेवढ्याच जोरात चाललेत असं वाटतं, घाम येतोय म्हणजे काम होतंय असंही वाटतं, पण 5 सेंटिमीटरचं कधी 4 झालं ते कळतच नाही. शिवाय दमलेला माणूस नकळत छातीवर रेलून राहतो, मग छाती पूर्ण वर येत नाही आणि हृदयात रक्त नीट भरत नाही. म्हणून दर 2 मिनिटांनी बदली, विचारायचं नाही, बदलायचंच. "सर मी ठीक आहे" हे उत्तर धरायचंच नाही. आणि हा नियम सीनियरलाही लागू, तिथेच बहुतेक वेळा अडतं.

वेगाचंही तसंच. मनात मोजत असाल तर टेन्शनमध्ये 110 चे 140 होतात, बघणाऱ्यांना वाटतं काय जोरात चाललंय, पण वेग वाढला की खोली कमी होते. टार्गेट मिनिटाला 100 ते 120. फोनमधला मेट्रोनोम (ठरावीक तालात टिकटिक करणारं अ‍ॅप) 110 वर लावून ठेवा, फुकटात होतं.

आता गादी. आयसीयूतल्या एअर मॅट्रेसवर तुम्ही ढकलता त्यातला बराच भाग गादीच खाते, हाताला मात्र छान खोल गेल्यासारखं वाटतं. खोली-वेग मोजून सांगणारा, छातीवर ठेवायचा फीडबॅक सेन्सरसुद्धा यात फसू शकतो, कारण गादी दबली तेही तो खोलीत धरतो. तेव्हा पाठीखाली कडक बोर्ड सरकवा (पण त्यासाठी कम्प्रेशन्स अडवून ठेवू नका), मॅट्रेसला हवा सोडायचा सीपीआर नॉब असतो तो आपल्या वॉर्डात कुठे आहे हे आजच बघून ठेवा, आणि बुटक्या माणसाने स्टूल घ्यावं, यात लाजायचं काही नाही.

"मांडीत पल्स लागतेय, म्हणजे कम्प्रेशन्स चांगली" हे पण सोडा. तो ठोका शिरेतून उलटा आलेल्या रक्ताचाही असू शकतो. श्वासनलिकेत ट्यूब टाकलेली असेल तर कॅप्नोग्राफ लावा, ईटीसीओटू (बाहेर येणाऱ्या श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडचा आकडा) 10 mmHg च्या खालीच राहिलं तर आधी कम्प्रेशन्स सुधारा.

अम्बू बॅग (दाबून श्वास द्यायची पिशवी) धरणाऱ्यालाही हेच. ट्यूब असेल तर 6 सेकंदांना एक श्वास, बस्स. घाबरलेला हात दाबतच सुटतो, छातीतला दाब वाढतो आणि हृदयाकडे परत येणारं रक्त कमी होतं.

थांबण्याचा वेळ तर कुणालाच खरा कळत नाही, मॉनिटरवर हृदयाचा ऱ्हिदम बघायला 5 सेकंद थांबलो असं वाटतं आणि घड्याळात 15 झालेले असतात. मर्यादा 10 ची, त्यामुळे एकाला फक्त मोठ्याने सेकंद मोजायचं काम द्या, आणि डिफिब (हृदयाला शॉक द्यायचं मशीन) चार्ज होईपर्यंत कम्प्रेशन्स चालूच ठेवा.

डिफिब फीडबॅक पॅडवाला असेल तर कोड झाल्यावर त्यातला रेकॉर्ड काढून सगळ्यांनी एकत्र बघा. नसेल तर मॅनिकिनवर (सरावाच्या पुतळ्यावर) आधी प्रत्येकाने स्वतःची खोली आणि वेग किती वाटतो ते कागदावर लिहायचं, मग स्क्रीन दाखवायचा. अमेरिकन हार्ट असोसिएशनने 2019 पासून आपल्या मोठ्यांच्या सीपीआर कोर्समध्ये फीडबॅक देणारं उपकरण सक्तीचं केलंय. पण कोर्सचं कार्ड 2 वर्षं चालतं आणि हाताचं कसब त्याच्या कितीतरी आधी उतरतं, त्यामुळे मॅनिकिन कपाटात कुलूप लावून ठेवू नका, नर्सिंग स्टेशनजवळ ठेवा, ड्यूटीवर येता-जाता 2 मिनिटं होतील असा.