चंपाषष्ठीच्या तोड्याआधी: वांग्यावर कोणते औषध कधी?

चातुर्मासात वांगी न खाणाऱ्या घरांत चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य होतो आणि बाजारात वांग्याला उठाव येतो. नेमकी याच सुमारास शेंडे व फळ पोखरणारी अळीही प्लॉटमध्ये असते. दुकानात गेल्यावर ‘जोरदार काहीतरी द्या’ म्हणण्याआधी तोडा किती दिवसांवर आहे ते मोजा.

क्लोरॅन्ट्रानिलिप्रोल १८.५ टक्के एससी या अळीवर चांगले चालते, पण वांग्यात फवारणीनंतर २२ दिवस थांबावे लागते. दर चार-पाच दिवसांनी तोडा करणाऱ्याला हे कसे परवडणार? म्हणून ते फळे लागण्यापूर्वी, शेंडे सुकू लागताच वापरा: १५ लिटरच्या पंपाला ६ मिली. तोडे सुरू झाल्यावर इमामेक्टिन बेंझोएट ५ टक्के एसजी, पंपाला ६ ग्रॅम. याचा प्रतीक्षा कालावधी ३ दिवसांचा. आज तोडा, संध्याकाळी फवारणी, पुढचा तोडा चौथ्या दिवसानंतर, असे बसवता येते. पण दर तोड्यामागे तेच औषध मारू नका, अळी त्याला सरावते. मध्ये ५ टक्के निंबोळी अर्काची फवारणी घ्या.

अंड्यातून निघालेली अळी काही तासांतच शेंड्यात किंवा फळात शिरते. एकदा आत गेली की वरून कितीही फवारा, तिला फारसे काही होत नाही. सुकून मान टाकलेला शेंडा उभा चिरून पाहा, आत गुलाबीसर अळी आणि तिची विष्ठा दिसेल. असे शेंडे सुकलेल्या भागाच्या इंचभर खालून खुडा. किडकी फळेही तोडा. हे सगळे बांधावर न फेकता खोल पुरा. माझ्या मते हे काम निम्म्या फवारण्यांच्या तोडीचे आहे, पण मजुरीकडे बघून बरेच जण तेच टाळतात.

मादीच्या वासाने नर पतंगांना ओढून पकडणाऱ्या कामगंध सापळ्यात वांग्याच्या अळीचाच ल्यूर (वासाचे आमिष) लावा. कपाशीच्या गुलाबी बोंडअळीचा उरलेला ल्यूर इथे चालत नाही.

सिंथेटिक पायरेथ्रॉइड स्वस्त पडते म्हणून लागोपाठ मारले की मित्रकीटक मरतात आणि लाल कोळी, पांढरी माशी उसळते. मग कोळीनाशकाचा खर्च वेगळा. पानांच्या कडा पिवळ्या पडून वर वळल्या असतील तर ते तुडतुड्यांचे काम. पर्णगुच्छ रोगही तेच पसरवतात. बारीक पानांचा झुपका झालेले झाड उपटूनच टाका, ते औषधाने सुधारत नाही.

दोन-तीन औषधे एकाच टाकीत मिसळू नका. लेबलवर वांगी हे पीक लिहिलेले आहे ना, ते पाहा. फवारताना हातमोजे आणि मास्क हवाच.

जुन्या प्लॉटची झाडे जळणासाठी नव्या रोपवाटिकेशेजारी रचून ठेवू नका. त्यांतून निघालेले पतंग थेट नव्या रोपांवर अंडी घालतात.