डीबी दुसऱ्या भिंतीवर हलवताना

खानदेशातील जुन्या धाब्याच्या घरांत मेन स्विच आणि फ्यूजचा बोर्ड बहुधा ओसरीच्या भिंतीवर असे. पुढे स्लॅब टाकला जातो, ओसरीच्या जागी न्हाणीघर येते आणि वीजवाटपाची पेटी, म्हणजेच डीबी, ओल धरणाऱ्या भिंतीवर अडकून राहते. ती तेथून हलवलीच पाहिजे. मात्र दिवा, पंखा किंवा फ्यूज बदलणे एवढेच घरमालकाने स्वतः करावे, वायरिंगमधील फेरफार शासनाचा परवाना असलेल्या विद्युत ठेकेदाराकडूनच करून घ्यावा. मीटर आणि त्याचे सील महावितरणच्या अखत्यारीत येतात, म्हणून मीटरही हलवायचे असेल तर आधी तेथे अर्ज करावा.

नवी जागा कोरडी, घराच्या आतली आणि हात सहज पोहोचेल अशी, जमिनीपासून साधारण दीड मीटर उंचीवर असावी. पश्चिमेची तापणारी भिंत मी कटाक्षाने टाळायला सांगेन. एमसीबीची, म्हणजे जास्त भार आल्यास वीज आपोआप तोडणाऱ्या स्विचची, क्षमता साधारणतः ३० अंश सेल्सिअस तापमान धरून ठरवलेली असते, तर जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो; अशा भिंतीवरच्या बंद पेटीत एमसीबी योग्य भारालाही उडू लागतो आणि मग कोणीतरी जास्त अँपिअरचा एमसीबी बसवून वायरीचे संरक्षणच काढून टाकतो.

खरी अडचण वायरींची असते, कारण जुन्या वायरी नव्या जागेपर्यंत पुरत नाहीत. त्यांना पिळे मारून, टेप गुंडाळून भिंतीत पुरणे हे या कामातील सर्वांत घातक पाऊल आहे. सैल जोड तापतो आणि प्लास्टरमागे तो कोणाला दिसतही नाही. शक्यतो नव्या पाइपातून सलग वायर ओढावी : दिव्यांना १.५, प्लगांना २.५ आणि गीझर किंवा एसीला ४ चौरस मिलिमीटर. ते जमत नसेल तर कोरड्या जागी जंक्शन बॉक्स बसवावा, जोड योग्य कनेक्टरनेच करावेत आणि त्याचे झाकण कायम उघडता येईल असे असावे. मीटरजवळचा मेन स्विच तेथेच राहू द्यावा, म्हणजे नव्या डीबीपर्यंतची केबलही संरक्षणाखाली राहते. जुनी जोडणी सोडण्यापूर्वी तिचे फोटो काढून प्रत्येक फेज-न्यूट्रलच्या जोडीला एकच क्रमांक बांधावा, कारण एका आरसीसीबीवरील (विजेची गळती होताच पुरवठा तोडणाऱ्या स्विचवरील) न्यूट्रल दुसऱ्याच्या पट्टीत गेला की तो स्विच विनाकारण उडत राहतो.

पुरवठा तोडताना मेन स्विच बंद करून त्याचे किटकॅट, म्हणजे फ्यूजचे काढता येणारे ठोकळे, काढावेत आणि काम संपेपर्यंत स्वतःच्या खिशात ठेवावेत. येथेच पुष्कळांची चूक होते, कारण भारनियमनामुळे घरोघरी इन्व्हर्टर आले आहेत आणि मेन बंद होताच तोच इन्व्हर्टर काही वायरींत २३० व्होल्ट सोडू लागतो. म्हणून त्याचे आउटपुट आणि बॅटरी दोन्ही सोडवावीत. छतावर सौर पॅनेल असल्यास ती बाजूही बंद करावी. केवळ टेस्टरच्या दिव्यावर विसंबू नये. व्होल्ट मोजणारा मीटर आधी चालू वायरीवर पडताळावा, मग बंद वायर तपासावी आणि पुन्हा चालू वायरीवर तोच मीटर लावून पाहावा.

अर्थिंगची तार नव्या पेटीपर्यंत अखंड न्यावी. आपली काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते, तेव्हा अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घालत राहावे. नव्या डीबीत ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी अवश्य घ्यावा.

पुरवठा जोडण्यापूर्वी टीव्ही, फ्रीज, इन्व्हर्टर असे सारे काढून ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशन तपासण्याच्या उपकरणाने) वायरींची चाचणी घ्यावी. इन्सुलेशनचा रोध एक मेगाओहमपेक्षा कमी दिसल्यास दोष सापडेपर्यंत वीज सोडू नये. पुरवठा सुरू झाल्यावर आरसीसीबीचे टेस्ट बटण दाबून पाहावे, अर्धा तास भार चालवावा आणि पुन्हा सर्व बंद करून स्क्रू आवळावेत. झाकणाच्या आत प्रत्येक एमसीबी कोणत्या खोलीचा हे मराठीत लिहावे आणि इन्व्हर्टरवरील वायरी कोणत्या हे लाल शाईने नोंदवावे, म्हणजे पुढच्या वायरमनला मेन बंद केल्यावरही कोठे हात लावायचा नाही हे कळेल.