कार्ड उघडत नाही? फॉरमॅटचं बटण दाबू नका

गणपतीला मुंबईकर घरी आले की कपाटातली जुनी मेमरी कार्डं, पेनड्राइव्ह बाहेर निघतात. लॅपटॉपला लावावं तर एकच सूचना येते, वापरण्याआधी डिस्क फॉरमॅट करा. इथे 'हो' म्हणणं सगळ्यात महागात पडतं. विंडोजला कार्डावरची मांडणी वाचता आली नाही, एवढाच त्या सूचनेचा अर्थ. आजोबांच्या शेवटच्या आरतीचे फोटो बहुतेक वेळा अजून जागेवरच असतात.

फाइल डिलीट झाली की आधी जाते ती तिची नोंद. सातबाऱ्यावरचं नाव खोडलं म्हणून घर पडत नाही. त्याच जागी दुसऱ्याने बांधकाम काढलं की पडतं. म्हणून फोटो उडाल्याचं लक्षात आलं की त्या कार्डावर आणखी एकही फोटो काढू नका. मोठ्या एसडी कार्डाच्या डाव्या कडेला बारीक खिट्टी असते, ती लॉककडे सरकवा. मायक्रोएसडी असेल तर ही खिट्टी अडॅप्टरवर मिळेल.

घाईने चेकडिस्क, म्हणजे विंडोजचं डिस्क तपासायचं साधन, चालवणारेही पुष्कळ. ते दुरुस्तीच्या नावाखाली मूळ कार्डावरच फेरफार करतं. आधी संपूर्ण कार्डाची इमेज, म्हणजे एका फाइलमधली जशीच्या तशी नक्कल, काँप्युटरवर काढून घ्या आणि शोधाशोध त्या इमेजवर करा. या शोधासाठीची फोटोरेक आणि टेस्टडिस्क ही दोन्ही सॉफ्टवेअर फुकट आहेत. फोटोरेकमध्ये फाइलींची मूळ नावं सहसा परत मिळत नाहीत, तेवढा निवडण्याचा वेळ हाताशी ठेवा. सापडलेलं त्याच कार्डावर मात्र कधीच सेव्ह करू नका.

अँड्रॉइडमध्ये कार्ड 'इंटर्नल स्टोरेज' म्हणून जोडलं असेल तर ते एन्क्रिप्ट होतं, म्हणजे त्यावरच्या माहितीला कुलूप लागतं, आणि त्याची किल्ली त्या फोनमध्येच राहते. असं कार्ड दुसरीकडे वाचता येत नाही. फोन रिसेट केलात तर किल्लीही गेली.

आता आपल्या हवेचं. किनाऱ्यावरच्या घरात पेनड्राइव्हच्या पितळी पट्ट्यांवर हिरवट थर चढलेला दिसतो. तो ब्लेडने किंवा पॉलिशपेपरने खरवडू नका, सोन्याचा मुलामा अगदी पातळ असतो. कापसाच्या काडीवर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन हलक्या हाताने पुसा, पूर्ण वाळू द्या, मगच लावा. कार्ड समुद्रात पडलं असेल तर आधी डिस्टिल्ड वॉटरने धुवा, कारण आत सुकलेलं मीठ धातू खात राहतं. तांदळाच्या डब्यात ठेवून मीठ निघत नाही. लग्नाच्या सीडीवर बुरशी आली असेल तर मऊ फडक्याने मधून कडेकडे पुसा, गोल फिरवू नका. नावाची बाजूही जपा, चकाकता थर तिथेच लगेच खाली असतो.

पुरात गेलेल्या हार्डडिस्कची गोष्ट वेगळी. जुलै २०२१ मध्ये वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं, तसं गढूळ पाणी एकदा आत गेलं की 'चालू होते का बघूया' म्हणून वीज देणं घातक. आतलं माहिती वाचणारं हेड फिरत्या तबकडीपासून काही नॅनोमीटरवर तरंगतं, त्यात चिखलाचा कण सापडला तर तबकडीच खरवडते. डिस्क उघडू नका, हेअर ड्रायरने वाळवू नका. ओलसर फडक्यात गुंडाळून पिशवीत बंद करा आणि क्लीनरूम (धूळ नसलेली खास खोली) असलेल्या लॅबकडे लवकरात लवकर पाठवा. कोरडी डिस्क टकटक वाजत असेल तरी तिचा रस्ता लॅबचाच, घरचं सॉफ्टवेअर तिथे नुकसान वाढवतं. पाठवताना सोबत चिठ्ठी घाला: पाणी खारं होतं की गोडं, कधी भिजली, आणि त्यानंतर कुणी चालू करून पाहिली का.