सेलर पडदे-फ्रिज ठेवून जातोय? मग स्टॅम्प ड्युटीचा हिशोब असा करा

इंग्लंडमध्ये घर घेताना स्टॅम्प ड्युटी लागते ती जागेच्या किमतीवर, घरातल्या सुट्या सामानावर नाही, त्यामुळे सेलर सामानाचे पैसे घेत असेल तर ते वेगळे दाखवता येतात. स्कॉटलंड, वेल्सचा टॅक्स वेगळा आहे, ते इथे नको.

आता सुटं काय आणि घराचं काय? कार्पेट (अगदी फिट केलेलं सुद्धा), पडदे, सोफा, फ्रिज, वॉशिंग मशीन, लटकणारे दिवे हे सगळं सामान. किचनची फिटेड कपाटं, सिंक, कमोड, बाथटब, सेंट्रल हीटिंग, सीलिंगमध्ये बसवलेले लाइट हे घरातच धरायचं. गंमत म्हणजे बागेतला गुलाब मातीत लावलेला असेल तर तो घराचा, कुंडीत असेल तर सामान!

पण फार खूश होऊ नका. समजा 4 लाखांच्या घरात 3,000 पौंडांचं सामान आहे, त्या पट्ट्यात रेट 5 टक्के, म्हणजे वाचले किती तर 150 पौंड. खरा फरक पडतो तो लिमिटच्या काठावर. पहिलं घर घेणाऱ्याला सवलत 5 लाखांपर्यंतच, त्यावर एक पौंड गेला की सगळीच गेली. एप्रिल 2025 नंतरच्या रेटने 5,05,000 वर 15,250 पौंड बसतात, तेच त्यातलं 6,000 चं सामान बाजूला काढून घर 4,99,000 ला पडलं तर 9,950.

म्हणूनच काठावरच्या केसकडे एचएमआरसीचं (म्हणजे तिथल्या टॅक्स खात्याचं) लक्ष जाणारच, तेव्हा आकडा फुगवू नका. जुन्या सोफ्याला नव्याचा भाव लावायचा नाही, तो आज सेकंडहँड कितीला जाईल तेवढाच. मी तर म्हणेन प्रत्येक वस्तूचा फोटो काढा, ईबेवर तसल्याच जुन्या वस्तू कितीला जातायत त्याचे स्क्रीनशॉट ठेवा आणि यादी किमतींसकट सॉलिसिटरला द्या. सेलर टीए10 फॉर्म भरतो त्यात काय राहणार काय जाणार ते असतंच, त्याच्याशी यादी जुळवून घ्या, उगाच फॉर्ममध्ये फ्रिज नेणार आणि तुमच्या यादीत फ्रिजचे 300 पौंड असं नको.

स्टॅम्प ड्युटीचं रिटर्न आणि टॅक्स दोन्ही कम्प्लिशननंतर (म्हणजे व्यवहार पूर्ण होऊन घर ताब्यात आल्यावर) 14 दिवसांत. पुढे साधारण 9 महिने एचएमआरसी चौकशी काढू शकते, तोवर तरी ते फोटो फोनमधून उडवू नका. आणि हो, लोन घेताय तर सामानाची रक्कम सॉलिसिटरमार्फत बँकेला आधीच कळवा, कारण बँक घराची किंमत बघून पैसे देते, सोफ्याची नाही.