भेंडीचा केवडा रोखायचा तर वाफ्याबाहेरचे तण कसे आवरावे

भेंडीच्या पानावर शिरांची पिवळी जाळी उमटली की आपण औषधाच्या शोधात निघतो. पण केवडा हा विषाणूजन्य रोग असल्याने तो बरा करणारी फवारणीच नाही. पांढरी माशी रोगट झाडाचा रस शोषताना विषाणू उचलते आणि पुढच्या रोपात सोडते. वाफ्यात भेंडी नसते त्या महिन्यांत हा विषाणू रानभेंडी, ओसाडी यांसारख्या झाडांवर तग धरतो, म्हणून राखण तेथूनच सुरू करावी.

ठाण्यात घोडबंदर रस्त्याच्या बाजूला सोसायटीच्या आवारात भाजी लावणाऱ्यांनी उन्हाळी भेंडीच्या पेरणीआधी, म्हणजे डिसेंबरातच, भिंतीची कड, गटाराचा काठ आणि शेजारचा मोकळा भूखंड पायाखाली घालावा. पावसाळ्यात माजलेली ओसाडी तेव्हाही ओलाव्याच्या जागी हिरवी असते. तिचे पान हलकेच उलटून पाहावे: पीठ उधळल्यासारखे पांढरे ठिपके उडाले तर ती पांढरी माशी होय. ओसाडीच्या पानावर पिवळी जाळी दिसली म्हणून तो भेंडीचाच विषाणू ठरत नाही, कारण तणांचे स्वतःचेही विषाणू असतात. तरीही असे झाड ठेवण्यात मला शहाणपण वाटत नाही.

उपटण्याची वेळ सर्वांत महत्त्वाची आहे. एकदा मी भेंडी गुडघ्याएवढी झाल्यावर भर दुपारी शेजारचे तण उपटले, तेव्हा बेघर झालेल्या माश्या थेट भेंडीवर जाऊन बसल्या. तेव्हापासून मी हे काम पेरणीच्या दोन-तीन आठवडे आधी, तेही माशी सुस्त असते अशा पहाटे करतो, आणि तण फुलावर येण्यापूर्वी मुळासकट काढून लगेच पिशवीत बांधतो. पीक उभे असताना तण काढणे भागच पडले, तर आधी तणावर निंबोळी तेलाची फवारणी करावी.

वांगी लावणाऱ्यांनी कुंडीतल्या सदाफुलीकडेही पाहावे. पर्णगुच्छ रोगाचा फायटोप्लाझ्मा (जिवाणूसारखा सूक्ष्मजीव) तिच्यावर राहू शकतो आणि तुडतुडे तो वांग्यावर नेतात. पाने बारीक होऊन झुपका झालेली किंवा फुले हिरवट पडलेली सदाफुली काढून टाकावी, निरोगी सदाफुलीला हात लावू नये.

सरसकट सगळे रान साफ करण्याचा मात्र हट्ट नको, कारण माशीला खाणारे मित्रकीटकही तेथेच आसरा घेतात. शिवाय रानभेंड्यांचे आपल्यावर उपकार आहेत: परभणीच्या कृषी विद्यापीठाच्या ‘परभणी क्रांती’ वाणात केवड्याला तोंड देण्याची ताकद रानटी भाऊबंदाशी केलेल्या संकरातूनच आली. ती ताकद आता सर्वत्र पूर्वीसारखी टिकत नाही, म्हणून असे वाण लावले तरी वाफ्यात पिवळे चिकट सापळे टांगावेत, दर आठवड्याला पाने उलटून पाहावीत आणि जाळी दिसलेले पहिले रोप त्याच दिवशी उपटावे.