स्लॅब टाकल्यावर नाही, टाकण्याआधी बोलवा: घर बांधताना राहून जाणाऱ्या तपासण्या

“सर, काल स्लॅब टाकून झाला जी. एकदा येऊन पाहून जाता का?”

असे फोन मला नेहमी येतात, बहुतेक नागपूरच्या बेसा, मानेवाडा, हुडकेश्वरकडच्या ले-आऊटमधून. मी जातो. समोर असतं सपाट काँक्रीट आणि त्यावर बांधलेले पाण्याचे आळे. आत सळया किती, कोणत्या उंचीवर, त्यांना वेढणाऱ्या रिंगा किती अंतरावर, हे परवा टेप लावून पंधरा मिनिटांत कळलं असतं. आज त्यासाठी मशीन लागते, आणि तिलाही सगळं दिसत नाही.

घरमालक निष्काळजी असतात असं नाही. गैरसमज वेगळाच असतो. “साइटवर तिघं येऊन पाहून गेले,” असं ते खरंच सांगतात. पण ते तिघं कोण? मनपा किंवा नासुप्रची (नागपूर सुधार प्रन्यास) प्लिंथची, म्हणजे जोत्याची, तपासणी मुख्यतः मंजूर नकाशाशी जुळणी पाहते: बाजूची अंतरं सोडली का, प्लिंथ जागेवर आहे का. बँकेचा माणूस काम कितपत झालं ते पाहून कर्जाचा हप्ता मोकळा करतो. आर्किटेक्ट खोल्या आणि खिडक्या पाहतात. लोखंड मोजणं यातल्या कोणाचंच काम नाही. ते स्ट्रक्चरल इंजिनिअरचं काम, आणि त्यांच्याकडून अनेक घरमालक फक्त ड्रॉइंग घेतात. साइटवरच्या भेटी ठरवतच नाहीत.

खड्डा न दाखवताच फुटिंग भरणं

नागपुरात सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. आपल्याकडे बऱ्याच भागात वर काळी माती आहे. पावसाळ्यात ती फुगते, मे महिन्यात आकसते आणि हात जाईल एवढ्या भेगा पडतात. फुटिंग, म्हणजे कॉलमखालचा काँक्रीटचा पाया, या मातीत राहिलं तर घर दरवर्षी थोडं उचलतं आणि थोडं बसतं. दोन-तीन वर्षांनी खिडकीच्या कोपऱ्यातून तिरप्या भेगा निघतात, दारं अडकू लागतात, आणि दोष प्लास्टरवाल्याला दिला जातो.

“पाच फूट खोदा” असं ठरवून काम सोडू नका. खोली फुटांवर नाही, घट्ट मुरुमावर ठरते, आणि एकाच प्लॉटच्या दोन टोकांना मुरूम वेगळ्या खोलीवर लागू शकतो. म्हणून पीसीसीच्या (तळाच्या साध्या काँक्रीटच्या थराच्या) आधी प्रत्येक खड्डा इंजिनिअरला दाखवायचा. रात्री पाऊस पडून तळाशी चिखल झाला असेल तर तो खरवडून काढायचा, त्यावर गिट्टी टाकून दाबायचा नाही. मुरूम फारच खाली असेल तर अंडर-रीम्ड पाइलचा (खाली फुगवटा असलेल्या काँक्रीटच्या खोल खांबांचा) विचार करावा लागतो, पण तो निर्णय मिस्त्रीचा नाही.

त्याच भेटीत सळयांच्या जाळीखालचे कव्हर ब्लॉक पाहून घ्यावेत. फुटिंगला 50 मिमी कव्हर, म्हणजे सळईबाहेर तेवढा काँक्रीटचा थर, लागतं. विटेचे तुकडे किंवा गिट्टीचे दगड त्या जागी चालत नाहीत.

कॉलमचं हनीकोंब प्लास्टरखाली जाणं

कॉलमची प्लेट (साचा) उघडल्यावर तळाशी गिट्टी मोकळी, म्हणजे हनीकोंब, दिसली, की मिस्त्री लगेच सिमेंटचा लेप मारतो. त्याला वाटतं, त्याने दुरुस्त केलं. पण पोकळी आत किती गेली आहे ते आता कोणालाच कळणार नाही. ठेकेदाराला आधीच सांगून ठेवा की प्लेट उघडल्यावर फोटो काढल्याशिवाय कॉलमला हात लावायचा नाही. कॉलम भरण्याआधी रिंगांचे हुक 135 अंशात आत वळलेत का, तेही पाहून घ्या. काटकोनात सोडलेले हुक जोर आला की उघडतात.

स्लॅबची तपासणी सकाळी सात वाजता करणं

मिक्सर सुरू झालाय, वीस मजूर उभे आहेत, आणि मग इंजिनिअरला फोन. अशा वेळी चूक सापडली तरी ती सुधारू देण्याची कोणाची तयारी नसते. तपासणी आदल्या दिवशी दुपारी ठेवा, म्हणजे संध्याकाळी दुरुस्ती होते.

मला सगळ्यात जास्त भीती बाल्कनीची वाटते. खोलीचा स्लॅब मध्ये खाली वाकतो, ताण खालच्या बाजूला येतो, म्हणून मुख्य सळया खाली असतात. बाल्कनी उलटी वागते. तिचं टोक खाली झुकतं, ताण वर येतो, म्हणून सळया वरच हव्यात. त्या घमेली वाहणाऱ्यांच्या पायाखाली दबतात. 125 मिमी जाडीच्या स्लॅबमध्ये सळई तळापासून 100 मिमीवर हवी होती आणि ती 60 वर आली, तर ताकद साधारण 40 टक्क्यांनी कमी होते. लोखंड तेवढंच, बिल तेवढंच. खाली लोखंडी चेअर (सळया उचलून धरणारे टेकू) आणि चालायला फळ्या, एवढ्यावर हे टळतं. तरीही बाल्कनी भरताना एक जबाबदार माणूस तिथे उभा हवाच.

स्लॅबला टेकू देणाऱ्या बल्ल्या ताज्या भरावावर विटा ठेवून उभ्या केल्यात का, आणि विजेचे पाइप कॉलमजवळ जुडीने एकत्र आलेत का, हेही तेव्हाच दिसतं.

पाणी मात्र माल कालवताना पाहावं लागतं. एम-20 या प्रतीच्या काँक्रीटला सिमेंटच्या 50 किलोच्या बॅगमागे साडेसत्तावीस लिटर पाणी ही वरची मर्यादा, रेतीतला ओलावा धरून. उन्हात माल घट्ट वाटला की पाण्याचा पाइप सुटतो. ताकद तपासायचे काँक्रीटचे क्यूबही तेव्हाच भरायचे: तीन 7 दिवसांसाठी, तीन 28 दिवसांसाठी.

तराईबद्दल (काँक्रीट ओलं ठेवण्याबद्दल) एवढंच: आयएस 456 या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे साधं सिमेंट असेल तर किमान 7 दिवस, कोरड्या उष्ण हवेत किंवा पीपीसी (राख मिसळलेलं सिमेंट) असेल तर किमान 10. आपला मे महिना पाहता मी 14 सांगतो. स्लॅबवर आळे असतात, कॉलम मात्र कोरडे राहतात. त्यांना ओली पोती गुंडाळा.

तपासणी राहूनच गेली असेल तर

आधी सेंट्रिंग (साचा आणि बल्ल्या) काढणं थांबवा. मग ठेकेदाराच्या मोबाइलमधले फोटो मागा, त्यात बरंच सापडतं. रिबाउंड हॅमर काँक्रीटवर आपटून ताकदीचा अंदाज येतो, पण त्यात 25 टक्क्यांपर्यंत फरक पडू शकतो, त्यामुळे फक्त त्यावर निकाल देऊ नये. सोबत आतल्या पोकळीसाठी अल्ट्रासोनिक चाचणी घ्यावी, सळयांसाठी कव्हर मीटर, आणि शंका उरली तर कोअर, म्हणजे कापून काढलेला काँक्रीटचा नमुना. कोअरची सरासरी ठरलेल्या ताकदीच्या 85 टक्के हवी आणि एकही कोअर 75 च्या खाली नको. फुटिंगची शंका असेल तर एका बाजूने खोदून ते कशावर बसलंय ते डोळ्यांनी पाहा.

मागे असाच फोन आला होता, त्या घराच्या बाल्कनीत कव्हर मीटरने सळया वरून 65 मिमी खाली दाखवल्या. बल्ल्या अजून खाली होत्या, हे नशीब. त्या तशाच ठेवून बाल्कनी आणि आतल्या खोलीचा पट्टा फोडला, सळया उचलून चेअरवर बसवल्या आणि पुन्हा माल भरला. या वेळी फोन आदल्या दिवशी आला.