विकास आराखड्यावर हरकत घेताय? या चुका टाळा

"आमच्यावर अन्याय झालाय, आरक्षण दुसरीकडं टाका." कोल्हापुरात दर दुसरी हरकत या वाक्यानं सुरू होते आणि तिथंच संपते. विकास आराखडा म्हणजे शहरात कुठं रस्ता, कुठं बाग हे ठरवणारा नकाशा, आणि त्यासाठी एखादी जागा राखून ठेवणं म्हणजे आरक्षण. आता हरकत ऐकतं कोण ते बघा. १९६६ च्या नगररचना कायद्यातल्या कलम २८ नुसार नियोजन समितीत महापालिकेच्या स्थायी समितीचे तीन सदस्य आणि नगररचना संचालकांनी नेमलेले जास्तीत जास्त चार जाणकार असतात. या बाहेरच्या जाणकारांना तुमचा गल्लीचा इतिहास ठाऊक नसतो. त्यांना कागद लागतो.

माझे मामा सुनावणीला गेले आणि आजोबांनी जमीन कशी घेतली इथपासून सुरुवात केली. समोरून प्रश्न आला, "गट नंबर किती?" मामा पिशवीत सातबारा शोधत राहिले, तोवर पुढच्या माणसाचा पुकारा झाला. त्यापेक्षा असं लिहा: 'गट नंबर अमुक, परवाना घेऊन घर बांधलं आहे, त्यावरूनच रस्ता दाखवला आहे, सोबत परवाना, मोजणी नकाशा, घरफाळ्याची पावती.' हरकत मुदतीत द्या आणि पोच घ्या. कॉलनीतल्या पन्नास जणांनी एकाच मजकुराच्या झेरॉक्सवर सह्या करून फार काही साधत नाही. प्रत्येकाच्या जागेची अडचण वेगळी असते, ती तशीच यायला हवी.

पंचगंगेकाठच्या लोकांची चूक आणखी वेगळी. पुराचं पाणी कुठवर येऊ शकतं ते दाखवणारी निळी आणि लाल पूररेषा जलसंपदा खातं आखतं. ती रेषाच हलवा म्हणून समितीपुढं भांडून उपयोग नाही, ते दारच चुकीचं.

सगळ्यात महागात पडणारी चूक मात्र सुनावणीनंतर होते. समितीतल्या साहेबांनी मान डोलावली, की लोक पेढे वाटून मोकळे. अहो, समिती फक्त अहवाल देते! तो बघून आराखड्यात बदल करायचे की नाही हे महापालिका ठरवते, आणि शेवटची मंजुरी कलम ३१ खाली शासनाची. शिफारस मधेच फिरू शकते.

दुसरं म्हणजे, शेजाऱ्याच्या प्लॉटवरचं बागेचं आरक्षण उठलं तर ते कधीकधी तुमच्या प्लॉटवर येऊन बसतं. म्हणून ज्यांनी हरकत घेतलीच नव्हती त्यांनीही फेरबदलांची यादी गट नंबर लावून तपासावी. शासन मोठे बदल करणार असेल तर नोटीस काढून त्यावर नव्यानं हरकती मागवल्या जातात. मामांनी ती नोटीस वाचलीच नाही. त्यांच्या मते विषय केव्हाच मिटला होता.